१८ हजारांची वर्गणी आणि कोणती रूलबुकं घ्यायची: नाशिकच्या एका गटाचं प्रकरण

पार्श्वभूमी

नाशिकला कॉलेज रोडच्या आतल्या गल्लीतल्या एका बंगल्यात दर रविवारी चार ते आठ आमचा खेळ चालतो. टेबलाभोवती बसून, फासे टाकत, सगळ्यांनी मिळून एक गोष्ट रचत जाण्याचा हा रोल-प्लेइंग गेम. आमचा सुरुवातीपासूनचा खेळ डंजन्स अँड ड्रॅगन्स. २०२४ मध्ये आम्ही सहा जण होतो. कोणाचीच नावं देत नाही, ओळख पटेल असे तपशीलही बदलले आहेत. खेळ चालवणारा, म्हणजे आमचा डीएम, एका बँकेत नोकरी करतो. सगळे त्याला दादा म्हणतात. घर काकूंचं. त्या निवृत्त शिक्षिका, वय ६१, आयुष्यभर मराठी माध्यमात शिकवलेलं. त्यांची पंधरा वर्षांची नात, एक वकीलताई, एक आर्किटेक्ट आणि मी. हिशेबाची वही माझ्याकडे असते.

माणशी महिना २५० रुपये वर्गणी. नातीचे पैसे आजी भरते. ऑक्टोबर २०२४ मध्ये वर्षाचे १८ हजार जमले आणि यातून काय घ्यायचं, हा विषय निघाला. पैसे कसे खर्चले एवढ्यापुरतंच हे प्रकरण लिहिलेलं नाही. पुस्तकं निवडण्याची आमची पद्धत या आठ-नऊ महिन्यांत पूर्ण बदलली, आणि नव्याने गट जमवणाऱ्यांना त्यातला प्रत्येक टप्पा कळावा असं मला मनापासून वाटतं.

तेव्हा कपाटात चार गोष्टी होत्या. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीचा २०१४ चा स्टार्टर सेट, ज्यावर आम्ही सगळे शिकलो. त्याच आवृत्तीचं प्लेयर्स हँडबुक, म्हणजे खेळाडूंसाठीचं मूळ नियमपुस्तक, एकच प्रत, कणा सुटलेली. आणि २०२२ मध्ये उत्साहाने घेतलेली दोन जाड पूरक पुस्तकं: एक राक्षसांवरचं, एक पात्रांच्या नव्या प्रकारांवरचं.

अडचण

अडचण त्या दोन जाड पुस्तकांपासून सुरू होते. राक्षसांवरचं पुस्तक घेतलं आणि काही महिन्यांत त्यातला बराचसा मजकूर सुधारून दुसऱ्या नव्या पुस्तकात आला. चूक आमचीच होती. नवं पुस्तक येतंय हे आधीच जाहीर झालं होतं, आम्ही पाहिलं नाही. पण त्याहून बोचणारी गोष्ट वेगळी होती. जुनं असो की सुधारलेलं, आम्ही ते पुस्तक खेळताना उघडतच नव्हतो.

हे मी अंदाजाने म्हणत नाही. जून ते सप्टेंबर २०२४ मध्ये आमची अकरा सेशन झाली. त्या काळात हिशेबाच्या वहीच्या मागच्या पानांवर मी एक साधी नोंद ठेवली होती: खेळ चालू असताना कोणतं पुस्तक, कोणी, कशासाठी उघडलं. एकूण ६४ नोंदी झाल्या. त्यातल्या ५८ एकट्या प्लेयर्स हँडबुकच्या, आणि त्या ५८ पैकी ४१ मंत्र शोधण्यासाठी. या ३२० पानी पुस्तकात मंत्रांच्या वर्णनांनीच सुमारे ऐंशी पानं व्यापली आहेत. टेबलावर तिघांची पात्रं मंत्र टाकणारी आणि पुस्तक एक, त्यामुळे प्रत्येक लढाईत कोणी ना कोणी हात पुढे करून बसलेलं असायचं. उरलेल्या सहा नोंदींपैकी पाच स्टार्टर सेटमधल्या छोट्या नियमपुस्तिकेच्या. राक्षसांच्या पुस्तकाची एक. पात्रांच्या प्रकारांचं पुस्तक अकरा सेशनमध्ये एकदाही टेबलावर आलं नाही.

त्यात सप्टेंबर २०२४ मध्ये प्लेयर्स हँडबुकची सुधारित आवृत्ती बाजारात आली. ३८४ पानांची, अमेरिकेत छापील किंमत ४९.९९ डॉलर. डीएमसाठीचं पुस्तक नोव्हेंबरात आणि राक्षसांचं फेब्रुवारी २०२५ मध्ये येणार होतं. आर्किटेक्टला हा तिन्हींचा संच हवा होता. वकीलताईला या खेळातूनच थोडी सुट्टी हवी होती, तिला भयकथा खेळायची होती. दादा म्हणाला, "मला काहीही चालेल, पण मला वाचायला वेळ कधी मिळतो ते विचारा." त्या दिवशी आम्ही हे वाक्य ऐकून सोडून दिलं. पुढचं बरंच काही त्यावरच ठरणार होतं.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय नव्या आवृत्तीचा. तिन्ही पुस्तकं घेतली तर त्या वेळच्या डॉलरच्या भावाने साडेबारा हजारांच्या आसपास, वर टपालखर्च. आर्किटेक्टचा मुद्दा रास्त होता: पुढे निघणारी साहसं, म्हणजे टेबलावर खेळायच्या कथा, नव्या नियमांवर बेतलेली असणार, मग आज ना उद्या घ्यावंच लागेल. शिवाय जुनी साहसं नव्या नियमांनी खेळता येतात असं प्रकाशकाने सांगितलेलंच होतं. माझी शंका वेगळी होती. साहस आणि नियम यांचा मेळ बसेलही, पण टेबलावर अर्ध्या लोकांकडे जुनं आणि अर्ध्यांकडे नवं पुस्तक असेल तर? साधं उदाहरण देतो. जखमा भरून काढणारा पहिल्या पातळीचा जो मंत्र सगळेच घेतात, तो २०१४ च्या पुस्तकात आठ बाजूंचा एक फासा टाकायला सांगतो, २०२४ च्या पुस्तकात दोन. नाव एक, पान वेगळं, आकडा वेगळा. एक प्रत नवी आणि एक जुनी असा संसार चालणार नाही, हे उघड होतं.

दुसरा पर्याय जुन्याच आवृत्तीत राहून आणखी पूरक पुस्तकं घेण्याचा. वहीतल्या नोंदी समोर ठेवल्यावर यावर फार बोलावं लागलं नाही.

तिसरा पर्याय काहीही विकत न घेण्याचा. आर्किटेक्टच्या ड्राइव्हवर दीडशेच्या वर पीडीएफ होत्या, कुठल्या कुठल्या ग्रुपवरून आलेल्या. "आहेतच की सगळी," तो म्हणाला. यावर वकीलताई जे बोलली ते मला पूर्ण पटलं, आणि कायद्याचा मुद्दा तिने शेवटी काढला. ती म्हणाली, हे खेळ लिहिणारी माणसं बहुतेक वेळा दोन-चार जणांची असतात आणि आपल्यासारख्या गटांच्या पैशांवर पुढचं पुस्तक लिहितात. मग तिने विचारलं, या दीडशेपैकी तू किती वाचलीस? एकही पूर्ण नाही, असं त्याने प्रामाणिकपणे सांगितलं. फुकट मिळालेला ढीग कोणी वाचत नाही, आणि न वाचलेल्या नियमांनी खेळ चालत नाही.

शिवाय रीतसर फुकट मिळणारं साहित्यच इतकं आहे की चोरीची गरज पडू नये. जानेवारी २०२३ मध्ये, ज्या परवान्याखाली इतरांना डंजन्स अँड ड्रॅगन्सचे नियम वापरता येतात त्यात बदल करण्याच्या प्रकाशकाच्या प्रयत्नाला खेळाडूंनी मोठा विरोध केला, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस पाचव्या आवृत्तीच्या मूळ नियमांचा एसआरडी हा चारशेहून अधिक पानांचा दस्तऐवज क्रिएटिव्ह कॉमन्स या मुक्त परवान्याखाली खुला झाला. तो उतरवून घ्या, छापा, मराठीत आणा, फक्त श्रेय द्या. त्याच्या मर्यादा मात्र ठाऊक असाव्यात. पात्राच्या प्रत्येक वर्गाचा (योद्धा, जादूगार वगैरे) एकच उपप्रकार, पूर्वायुष्याचा नमुना एकच, आणि फीट, म्हणजे पात्राची जादा खास क्षमता, तीही एकच. आणि या खेळाची ओळख बनलेला, अनेक डोळ्यांचा बिहोल्डर त्यात नाही. पण मंत्र आहेत, बहुतेक राक्षस आहेत. आमच्या ४१ नोंदींपैकी ३० हून अधिक नोंदींचं उत्तर त्यात सापडलं असतं.

चौथा पर्याय वकीलताईचा: कॉल ऑफ कथुलू. लवक्राफ्ट या अमेरिकी लेखकाच्या भयकथांवर बेतलेला, १९८१ मध्ये पहिल्यांदा प्रसिद्ध झालेला चौकशीचा आणि भयाचा खेळ. पात्रं म्हणजे साधी माणसं: ग्रंथपाल, डॉक्टर, पत्रकार. त्याची सुरुवातीची नियमपुस्तिका एका पूर्ण साहसासकट प्रकाशक फुकट देतो.

निर्णयाचा पहिला क्षण: काकूंचा प्रश्न

ऑक्टोबरच्या त्या रविवारी बोलणं दोन तास चाललं आणि कुठेच पोचलं नाही. मी खर्चाचे तक्ते केले होते. आर्किटेक्टने नव्या आवृत्तीतल्या सुधारणांची यादी आणली होती. काकू चहा घेऊन आल्या, बसल्या, आणि दादाला म्हणाल्या, "अरे, यातल्या कुठल्या पुस्तकात माझं काम कितव्या पानावर आहे तेवढं सांग. बाकीचं तू वाचणार आहेस का?"

दादा गप्प झाला. मग म्हणाला, "काकू, खरं सांगू? महिनाअखेर सोडली तर आठवड्याला दोन तास मिळतात. महिन्याला साठ-सत्तर पानं. तीनशे ऐंशी पानांचं पुस्तक मला सहा महिने पुरेल."

तिथे आमच्या लक्षात आलं की आम्ही चुकीचा प्रश्न विचारत होतो. पुस्तक चांगलं आहे का, हे आम्ही पाहत होतो. ते कोण वाचणार, कधी वाचणार आणि टेबलावर कोणाच्या हातात असणार, हे कोणी पाहतच नव्हतं. इंग्रजीतली चारशे पानं काकूंच्या वाट्याला कधीच येणार नव्हती, आणि त्या तर टेबलावरच्या सगळ्यात कल्पक खेळाडू. नात इंग्रजी माध्यमातली, पण शाळा आणि क्लासमधून वेळ काढून ती फक्त स्वतःच्या पात्राची पानं वाचायची.

त्याच दिवशी ठरलं: ज्याला पुस्तक हवं आहे त्याने पुढच्या दोन महिन्यांत आपण त्यातली कोणती पानं वापरणार ते सांगायचं. सांगता आलं नाही तर पैसे वहीतच राहतील.

काय केलं

सगळ्यात आधी खर्च न करता चाचणी घेतली. नोव्हेंबरात कॉल ऑफ कथुलूची फुकट पुस्तिका दादाने दोन संध्याकाळींत वाचली आणि त्यातलं साहस आम्ही दोन रविवारी खेळलो. इथे एक गोष्ट घडली जी कोणाच्याच हिशेबात नव्हती. हा खेळ टक्केवारीवर चालतो. पात्राचं एखादं कौशल्य ५५ असेल तर दहा बाजूंचे दोन फासे टाकायचे, एक दशकाचा, एक एककाचा. ५५ किंवा त्याखाली आलं की काम झालं. अवघड प्रसंगी त्या आकड्याचा निम्मा, फारच अवघड असेल तर पाचवा हिस्सा. काकूंना हे एका वाक्यात समजलं. दोन वर्षं त्या वीस बाजूंच्या फाशात कशाची बेरीज करायची हे शेजारच्याला विचारत होत्या. "हे बरं आहे," त्या म्हणाल्या, "शेकडा पंचावन्न. यात समजावून काय सांगायचं?"

नातीने आणि त्यांनी मिळून नियमांचं एक पान मराठीत केलं. लपलेली वस्तू हेरणं म्हणजे "नजर". ऐकणं म्हणजे "कानोसा". ग्रंथालयातलं कौशल्य म्हणजे "धुंडाळणी". आणि सॅनिटी, म्हणजे पात्राचा मानसिक तोल, तो झाला "भान". भानाचा फासा टाका, असं दादा म्हणाला की आजही टेबल शांत होतं. मूळ शब्दात ही ताकद आम्हाला कधी जाणवली नव्हती. हे एक पान कॉलेज रोडवर झेरॉक्स करून लॅमिनेट केलं. आमच्याकडच्या सगळ्या छापील साहित्यात सर्वाधिक वापरलं गेलेलं पान तेच.

मग डिसेंबरमध्ये खरेदी केली. कॉल ऑफ कथुलूचा स्टार्टर सेट २,९०० रुपयांना. त्यात एकट्याने खेळत नियम शिकवणारं एक साहस आहे. ते दादाने एका प्रवासात संपवलं आणि खेळ चालवायला तयार झाला. मुख्य नियमपुस्तक पीडीएफमध्ये २,४०० ला. प्रकाशकाच्या संकेतस्थळावरून पीडीएफ घेतली आणि पुढे तिथूनच छापील प्रत घ्यायची ठरवली, तर पीडीएफचे पैसे वळते होतात, म्हणून आधी पीडीएफ हाच शहाणा क्रम. लागणारी प्रकरणं घरच्या वापरापुरती छापून स्पायरल बाइंडिंग केलं, ३८० रुपये. खेळाडूंसाठीचं वेगळं जाड पुस्तक घेतलं नाही, कारण पात्र बनवण्याचे नियम मुख्य पुस्तकात आहेतच. फाशांचे तीन संच, १,०५०.

डंजन्स अँड ड्रॅगन्ससाठी २०१४ च्या प्लेयर्स हँडबुकची दुसरी प्रत जुन्यात मिळाली, १,५०० ला. आवृत्ती बदलते तेव्हा लोक जुनी पुस्तकं विकायला काढतात. जुन्यावरच राहायचं ठरलं असेल तर तो काळ खरेदीला उत्तम.

आणि एक चुकीची खरेदी. एक तयार, मोठं, वर्षभर चालेल असं कॅम्पेनचं, म्हणजे सलग लांब कथेचं पुस्तक. मीच आग्रह धरला होता, दादाचा वेळ वाचेल म्हणून. पुस्तकाची किंमत अडीच हजार, हातात पडेपर्यंत ३,६००. छापील पुस्तकांवर जीएसटी नाही आणि आयात पुस्तकांवर २०१९ च्या अर्थसंकल्पात लागलेला सीमाशुल्काचा दर ५ टक्के. म्हणजे फरक जवळजवळ सगळा टपालाचा आणि कुरिअरच्या हाताळणीचा होता. एकच पुस्तक परदेशातून मागवताना हे आधी विचारायला हवं होतं.

निर्णयाचा दुसरा क्षण: मुंबईवरचं पूरक साहित्य

जानेवारीत वकीलताई म्हणाली, अमेरिकेतली गावं पुरे झाली, १९२० च्या दशकातली मुंबई खेळू या. या खेळातल्या कथा मुळात त्याच दशकात घडतात. साहजिकच पहिला विचार आला की तशा पार्श्वभूमीचं एखादं पूरक पुस्तक शोधून घ्यावं. आर्किटेक्ट शोधायलाही लागला.

नियम आठवला: कोणती पानं वापरणार? आम्हाला हवी होती एक चाळ, एक गिरणी, एक रेल्वे स्टेशन आणि लोक कसे बोलत असतील त्याचा अंदाज. योगायोग असा की ३ फेब्रुवारी २०२५ ला देशातल्या पहिल्या विजेच्या गाडीला शंभर वर्षं होत होती. ३ फेब्रुवारी १९२५ ला ती बोरीबंदरहून कुर्ल्याला गेली, हार्बरच्या मार्गाने. वर्तमानपत्रांतून त्याची माहिती येतच होती. काकूंनी सार्वजनिक वाचनालयात चार दुपारी काढल्या. १८४० पासूनची ही संस्था. तिथे जुनी मराठी पुस्तकं बसून वाचता येतात, ही सोय कुठल्या पूरक पुस्तकात मिळणार? त्या परत आल्या त्या प्लेगच्या साथीनंतर इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने बांधलेल्या चाळींच्या आणि १९२५ च्या गिरणी संपाच्या टिपणांसह. मजुरी साडेअकरा टक्क्यांनी कापल्यावरून तो संप पेटला आणि डिसेंबरपर्यंत चालला.

दादाने त्यावर साहस रचलं. संपामुळे बंद पडलेल्या गिरणीत रात्री एक यंत्र चालू असल्याचा आवाज चाळीतल्या माणसांना येतो. पाच रविवार चाललं. माझ्या मते आमच्या टेबलावरचं हे आजवरचं सर्वांत चांगलं साहस, आणि त्याच्या पार्श्वभूमीवर एक रुपयाही खर्च झाला नाही. कोल्हापूर, सातारा, गोवा, कुठल्याही गावच्या गटाला हे करता येईल असं वाटतं. पार्श्वभूमीचं पुस्तक घेण्याआधी गावचं वाचनालय पाहावं.

काय झालं

जून २०२५ पर्यंत एकूण खर्च ११,८३० रुपये, शिल्लक ६,१७०. नोंदवही पुन्हा ठेवली. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या सेशनमध्ये दुसऱ्या प्रतीमुळे मंत्रांसाठीचं थांबणं डोळ्यांना दिसेल इतकं कमी झालं. कॉल ऑफ कथुलूच्या स्टार्टर सेटमधली तीन साहसं खेळून झाली. स्पायरल केलेली पानं कोपऱ्यांना दुमडली आहेत.

३,६०० चं कॅम्पेन न खेळता पडून आहे. दादाने पहिली चाळीस पानं वाचली आणि सोडलं. तयार साहसाने वेळ वाचतो हा माझा समज अर्धवट होता. छोटं साहस वेळ वाचवतं. मोठ्यात अडीचशे पानं आधी डोक्यात ठेवावी लागतात, आणि आठवड्याला दोन तास असलेल्या माणसाला त्यापेक्षा स्वतःचं रचणं सोपं जातं.

एक गोष्ट लिहिताना जड जातं. मार्चमध्ये आर्किटेक्ट गटातून गेला. भांडण झालं नाही. त्याने नवी आवृत्ती स्वतःच्या पैशांनी घेतली होती, त्याचं पात्र त्याला त्या नियमांनी खेळायचं होतं, आणि आमच्याकडे ते जमत नव्हतं. तो आता नव्या आवृत्तीच्या एका ऑनलाइन गटात खेळतो. पैशांच्या हिशेबात आमचा निर्णय बरोबर होता, तरी त्यापायी एक चांगला खेळाडू आणि रविवारचा मित्र दूर गेला.

आज वेगळं काय करू

प्लेयर्स हँडबुकची दुसरी प्रत २०२२ मध्येच घेऊ, त्या दोन जाड पुस्तकांच्या ऐवजी. मूळ पुस्तकाच्या दोन प्रती असल्याशिवाय पूरक पुस्तकाचा विषय काढू नये, असं आता मी कोणालाही सांगतो.

आर्किटेक्टच्या मागणीला हो किंवा नाही एवढंच उत्तर आम्ही दिलं, तिसरा मार्ग शोधला नाही. एप्रिल २०२५ मध्ये सुधारित आवृत्तीचा एसआरडीही क्रिएटिव्ह कॉमन्सखाली आला. त्याची वाट पाहून चार रविवारांचं छोटं साहस सगळ्यांनी नव्या नियमांनी खेळून बघायला हवं होतं, जसं भयकथेचं केलं तसं. वकीलताईच्या मागणीची चाचणी घेतली आणि त्याच्या मागणीची नाही, हा दुजाभाव झाला. मी त्याला तसं फोनवर सांगितलं. ऑक्टोबरात दिवाळीच्या सुट्टीत ते साहस चालवायला त्याने यावं, असं बोलणं झालं आहे.

मोठं कॅम्पेन विकायला काढलं आहे. गिऱ्हाईक मिळालं तर ते पैसे नातीच्या पहिल्या पुस्तकासाठी वेगळे ठेवायचे ठरले. मे महिन्यात तिने शाळेतल्या चार मैत्रिणींना ती फुकट पुस्तिका आणि मराठी पान घेऊन खेळवलं. कोणतं पुस्तक हवं विचारलं तर म्हणाली, अजून या पुस्तिकेतलंच सगळं वापरून झालेलं नाही, दिवाळीनंतर सांगते.